मामेभावाची बुटकी गाडी

रेवदंड्यापासून अलिबागपर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकाशी वैयक्तिक वैर असलेला माणूस या जगात एकच आहे, आणि तो माझा मामेभाऊ आहे. तुम्हाआम्हाला त्या रस्त्यावर गावं दिसतात, नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात; याला फक्त उंचवटे दिसतात. कुठला गतिरोधक कोणत्या सरपंचाच्या काळात झाला, कुठला निवडणुकीच्या तोंडावर एका रात्रीत उगवला, हे तो तोंडपाठ सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज भाऊबंदकीतल्या माणसाविषयी बोलावं तसा कडवट होतो. कारण त्याची गाडी. तशी ती साधीच, कुणाकडून तरी जुनी घेतलेली, लहानशी पांढरी गाडी. फक्त चारचौघांच्या गाड्यांपेक्षा ती चार बोटं खाली बसलेली आहे. इतरांच्या गाडीत चाक आणि वरच्या पत्र्याच्या मध्ये अख्खी मूठ जाते, याच्या गाडीत जेमतेम दोन बोटं. लग्नाकार्यात भेटला की हा आधी तुमच्या गाडीच्या चाकावर मूठ घालून बघतो, "फारच उंच राहिली रे तुझी," म्हणून हळहळतो, आणि मग घरच्यांची ख्यालीखुशाली विचारतो.

ही बुटकी करण्याची हौस पहिल्यांदा त्याच्या जिभेवर बेतली. माणगावच्या एका फिटरने त्याला स्वस्तातला उपाय सांगितला: गाडीच्या स्प्रिंगाच कापायच्या. ग्राइंडर लावून त्याने प्रत्येक स्प्रिंगेचा एकेक वेढा उडवला. गाडी खाली आली खरी, पण परतीच्या वाटेवर ती अशी उड्या मारू लागली की मामेभावाने बोलता बोलता स्वतःचीच जीभ चावली. पुढे काही दिवस तो पेजेवर होता आणि खुणांनी बोलत होता. दुसरा कुणी असता तर तिथेच शहाणा झाला असता. याने मुंबईहून मुद्दाम बनवलेल्या आखूड, कडक स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचे शॉकअप मागवले.

हे सगळं कशासाठी, असं त्याला कधी विचारू नये. विचारलंत तर तो थेट तुमच्या स्वयंपाकघरात शिरतो आणि तांब्या व परात घेऊन बाहेर येतो. "तांब्याला धक्का दे. लवंडला? आता परातीला दे. लवंडते का? गाडी परातीसारखी पाहिजे. वळणावर रस्त्याला चिकटून राहिली पाहिजे. याला हँडलिंग म्हणतात." आमच्या घरी या प्रात्यक्षिकात एकदा भरलेला तांब्या निघाला आणि सतरंजी दोन दिवस उन्हात पडली. एवढं ऐकून कुणी भाबडेपणाने म्हणालं, "पण दिसते मात्र झकास हां," की त्याचा चेहरा उतरतो. "दिसण्यासाठी करायला मी काय कॉलेजात आहे?" असं तो म्हणतो. बंदरावर बोटींना बर्फ पुरवण्याचा धंदा करणारा, पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. दिसण्याचा आरोप त्याला सहन होत नाही. आता हाच माणूस गाडी लावून चालू लागला की थोडं पुढे जाऊन थांबतो, वळतो आणि तिच्याकडे बघत राहतो. मी एकदा पकडलं तर म्हणाला, "काच बंद केली का ते बघत होतो."

त्याच्या गाडीतून प्रवास करणं म्हणजे बराचसा पायी प्रवास करणं. मोठा गतिरोधक आला की तो गाडी थांबवतो आणि मागे न बघता म्हणतो, "उतरा जरा." सगळ्यांनी उतरायचं, गतिरोधक चालत ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन उभं राहायचं, मग रिकामी गाडी तिरकी तिरकी, एकेक चाक चढवत, अंग चोरून पलीकडे येते. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवून घसा कोरडा करतात. एका साखरपुड्याला आम्ही जरीच्या साड्या आणि फेट्यांनिशी असे उतरत-चढत गेलो तेव्हा वाटेतल्या एका गावात लोकांना वाटलं, वरात इथेच आली. वहिनी मात्र शांत असतात. "भावोजी, आमच्याकडे गाडी आली आणि माझी साखर आटोक्यात आली," असं त्या मला म्हणाल्या. मामी दर शनिवारी गाडीच्या पुढच्या बाजूला लिंबू-मिरची बांधायची. ते लिंबू रस्त्याला घासून गावाची वेस ओलांडायच्या आत संपायचं, म्हणून हल्ली ते आत, आरशाला लटकतं.

या सगळ्या गमतीत एकच माणूस हसत नसे, ते म्हणजे माझे मामा. मामांनी उमेदीची सगळी वर्षं ट्रक चालवला. मिठागरातलं मीठ भरून त्यांनी घाट चढले-उतरले, आणि ओझं पेलावं म्हणून ट्रकच्या स्प्रिंगांना जास्तीचे लोखंडी पाटे घालून तो उंच ठेवला. त्यांच्या पोराने स्प्रिंगा कापल्या, ही गोष्ट त्यांना घराची तुळई कापल्यासारखी लागली. "म्या जल्मभर गाडी उचलली, ह्यानं बसवली," असं ते ओसरीवर येईल त्याला सांगत. पोराच्या गाडीत त्यांनी पाय ठेवला नाही. अलिबागला डॉक्टरकडे जायचं तरी रिक्षाने जात. डॉक्टर डोळ्यांचे होते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली होती, आधी कडेची, मग मधलीही, आणि गाडी घरी आली तोवर त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

मामेभाऊ त्यांच्यामागे लागायचा. "एकदा बसा, बाबा. घाटातलं एक वळण घेऊ द्या, मग काय ते बोला." मामा म्हणायचे, "भुईवर बसाचं तं घरात चटई हाय." हा हसण्यावारी न्यायचा, पण मला एकदा बंदरावर चहा पिताना म्हणाला, "सगळा गाव काय बोलतो त्याचं मला काही नाही रे. गाडी कशी असते हे आमच्याकडे एकाच माणसाला कळतं, आणि तो बसत नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तांब्या आणि परात हा आम्हा सगळ्यांपुढे ज्यांच्यासाठी मांडत होता, ते तिथे कधीच नसत.

गेल्या भाऊबीजेला मामांचा नाइलाज झाला. त्यांची बहीण म्हणजे माझी आई. ती म्हसळ्याला असते, आणि मामांनी तिची भाऊबीज एकदाही चुकवलेली नाही. पूर्वी भरलेला ट्रक दारात उभा करून ओवाळून घ्यायचे. आता गर्दीच्या बसमध्ये त्यांना चढवणं शक्य नव्हतं आणि एवढ्या लांब यायला एकही रिक्षावाला तयार होईना. मामा बराच वेळ ओसरीवर टोपी कुरवाळत बसले आणि मग म्हणाले, "काढ तुजी चटई."

मामा पुढे बसले; मलाही आईकडेच जायचं होतं, म्हणून मी आणि वहिनी मागे बसलो. पहिला गतिरोधक आला. मी सवयीने दाराला हात घातला, पण मामेभावाने आरशातून मान हलवली. मामांना त्याने उतरवलं नाही. गाडी सरळ वर घेतली, खालून पत्रा असा खरवडला की माझ्या दातांना कळ आली. "काय लागलं रं?" मामांनी विचारलं. "दगड, बाबा," तो म्हणाला. म्हसळ्यापर्यंत असे पुष्कळ दगड लागले.

घाट सुरू झाला तसे मामा ताठ झाले. एक हात त्यांनी समोर टेकवला, आणि उजव्या पायाने ते तिथे नसलेला ब्रेक दाबू लागले. वळण आलं की पाय दाबायचा, वळण सरलं की सुटायचा. मामेभाऊ घामाने निथळत होता. मी त्याला परीक्षेला बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. अर्धा घाट उतरल्यावर एका वळणावर मामांचा पाय दाबायचा विसरला. पुढच्यालाही विसरला. हात मांडीवर आला.

"गाडी अंग टाकत न्हाय वळणावर," मामा म्हणाले.

मामेभावाने नुसता घसा खाकरला, आणि वहिनींनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

म्हसळ्याला आईच्या अंगणात पोचलो. इतक्या खालच्या सीटवरून मामांना उठवायला आम्हा दोघांना दोन बाजूंनी लागावं लागलं. उभे राहिल्यावर ते घरात जाईनात. त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, चाचपत तो काचेवरून खाली चाकापाशी आणला आणि त्या फटीत बोटं घालून बघितली.

"दिसते कशी रं?" त्यांनी विचारलं.

"हँडलिंगसाठी केलीय, बाबा, दिसण्यासाठी..." एवढं बोलून तो अडखळला. "छान दिसते, बाबा. खूप छान दिसते. तुम्ही बघायला पाहिजे होती."

"मंग दाव की," मामा म्हणाले, आणि हात पुढे केला.

त्याने तो हात धरून दिव्यावर ठेवला, मग बॉनेटवर, आणि इथे कशी खाली उतरती रेघ आहे, मागून कशी रस्त्यावर दबा धरल्यासारखी वाटते, हे सांगत तो बापाला गाडीभोवती फिरवू लागला. बर्फाची लादी खांद्यावर उचलणारा हा दांडगा माणूस इतकं हळू बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं. आई ओवाळणीचं तबक घेऊन दारात आली होती. निरांजन वाऱ्याने फडफडत होतं, तिने पदर आडवा धरला. त्यांना हाक मारावी असं तिला वाटलं नाही, आणि मलाही नाही.