पहिलं गाणं खाली ठेवा

ऐंशीच्या दशकातली गाणी निघाली की लोक हळवे होतात. मी भांडायला उठते. कोणतं गाणं वर आणि कोणतं त्याच्या मागे, यावर माझं आजवर कोणाशीही पटलेलं नाही. शिट्टीने सुरू होणारं एक गाणं सगळे डोक्यावर घेऊन नाचतात, माझ्याकडे ते नवव्या नंबरवर आहे, आणि तेही शिट्टीची दया येऊन. आमच्या भिलाईच्या गणपतीत भोंग्यावर दहा दिवस वाजून वाजून ज्याचा पार भुगा झाला, ते मात्र चौथं. का? तर त्या गाण्यावर मी मांडवात पहिल्यांदा नाचले आणि आईच्या नजरेला पडले नाही. गाण्याचा दर्जा वगैरे गोष्टी माझ्याशी बोलू नयेत.

नंबर लावायचा हा रोग ताईकडून आला. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. रेडिओवर आठवड्यातून एकदा गाण्यांची क्रमवारी सांगत, आणि ती ऐकून ताईचं डोकं फिरायचं. "याहिले काही समजते काय?" असं म्हणून ती स्वतःची क्रमवारी लावायची. त्यासाठी एक जाड वही होती. मागच्या पानांवर नंबर आणि पुढच्या पानांवर गाण्यांचे शब्द, ऐकून ऐकून, सुवाच्य अक्षरात उतरवलेले. एखादा शब्द कळला नाही की तिथे रेघ मारून ती पुढच्या वेळेची वाट पाहायची. वही टू-इन-वनच्या शेजारी पडलेली असे, आणि तिला मी हात लावलेला ताईला खपत नसे.

आमच्या घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आईबाबा दोघंही भंडाऱ्याकडचे, शेतीवाडी असलेल्या घरांतले. बाबा स्टील प्लांटमध्ये लागले म्हणून सेक्टरमधलं हे क्वार्टर मिळालं. बाबा रोलिंग मिलमध्ये होते. तिथे लोखंड लाटायचा आवाज इतका, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीसुद्धा हातवाऱ्यांनीच बोलावं लागे. ती सवय घरी आली होती. चहा हवा असला की अंगठा तोंडाकडे, पंखा हवा असला की बोट वर करून गरगर. आणि बोलायचे तेव्हा असे बोलायचे, की तीन घरं सोडून कळावं आमच्याकडे आज कशाची भाजी आहे. आमच्या लाइनीत सगळेच मिलवाले, सगळेच ओरडून बोलणारे. त्यामुळे कोणाला काही वावगं वाटलं नाही.

ताईचं लग्न नागपूरला ठरलं. तिकडे घरात चांगला टेप आहे, ही बातमी तिने नवरदेवाच्या नोकरीच्याही आधी मिळवली. मग तिने जाहीर केलं की आपण एक कॅसेट भरून घेऊन जाणार. तेव्हा सुपेल्याच्या बाजारात एक दुकान होतं. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दिली की दोन दिवसांत त्याच क्रमाने गाणी भरून मिळत. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे बारा गाणी. ताईची अट एकच होती.

"घरातल्या हरेकाचं एक तरी गाणं पायजे. तिकडे करमलं नाही का लावीन."

आईने ताबडतोब आपलं सांगितलं, पाळण्याचं, संथ. माझं डिस्को होतं, ज्यात सुरुवातीलाच असं काही धडाडधूम वाजायचं की स्वयंपाकघरातली आई दचकायची. ताईचं स्वतःचं विरहाचं होतं. रोज संध्याकाळी डोळे मिटून ऐकायची, अजून कोणाचा विरह झालेला नसताना. राहिले बाबा.

"बाबा, तुमचं कोणतं?"

"मले काय समजते गाण्यातलं! तुमचं चालू द्या."

"असं कसं? एक तरी आवडत असनच ना."

"सगळेच चांगले आहेत." असं म्हणून बाबांनी पेपर उघडला.

ताईने आठ दिवस पिच्छा पुरवला. जेवताना विचारलं, स्कूटर पुसताना विचारलं. रेडिओवर गाणं लागलं की धावत जाऊन "हे आवडते काय?" म्हणून विचारलं, बाबा मान डोलवत आणि दुसरं लागलं की त्यालाही तशीच डोलवत. एका दुपारी ताई माझ्यापाशी येऊन रडली. "सगळ्यायचं घेऊन जाऊन राहिली मी, अन् बाबांचंच काही नाही," म्हणाली. मला त्यात रडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण ती रडली म्हणून मीही रडले. माझं रडू पाहून तिने माझं डिस्को गाणं यादीत पहिल्या नंबरवर टाकलं. बाबांच्या नावाशिवायच बारा गाण्यांची यादी पूर्ण झाली.

लग्न ठरलेल्या मुलीने बाजारात हिंडू नये असं आईचं मत, म्हणून यादी घेऊन सुपेल्याला गेलो आई आणि मी. दुकानात हीऽ गर्दी, लग्नसराईचे दिवस. काउंटरवरचे भैयाजी पेन कानाला लावून उभे. आईने यादी वाचली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. नवरीच्या कॅसेटची सुरुवात धडाडधूमने? सासू काय म्हणेल? तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि आपल्या ठेवणीतल्या हिंदीत सांगितलं,

"भैया, ये पहला गाना खाली रखो."

"खाली?" भैयाजींनी मान वर केली.

"हाँ, खाली. एकदम खाली."

"ठीक है माताजी."

मी रागाने लाल. माझं गाणं पहिल्यावरून बाराव्यावर! सबंध रस्ता मी आईशी बोलले नाही. गंमत पाहा, शाळेत मी दिवसभर हिंदी बोलायची, वर्गातल्या मुलामुलींशी हिंदीतच भांडायची. 'खाली' म्हणजे रिकामं हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण शब्द आईच्या तोंडून आला, आणि आईच्या तोंडून आलेला कोणताही शब्द माझे कान मराठीतच ऐकत.

दोन दिवसांनी कॅसेट घरी आली. बाबांची सकाळची फर्स्ट शिफ्ट होती. अंघोळ-जेवण उरकून अडीच-तीनला ते खुर्ची ओढून टू-इन-वनला कान लावून बसले. ताईने कॅसेट घातली, बटण दाबलं. चाकं फिरू लागली. आवाज काही नाही. बारीक खरखर तेवढी. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांनी डोळे मिटले होते. मान डोलत होती. गुडघ्यावर बोटांनी ताल चालला होता.

आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. ताईने आवाजाचं बटण तपासलं, ते पूर्ण मोठं होतं. चाकं फिरतच होती, आणि बाबा डोलतच होते. मध्येच डोळे उघडून म्हणाले,

"वा! हे खरं एक नंबर."

 ताईचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात आईचं पाळण्याचं गाणं सुरू झालं, दोन नंबरचं, आणि बाबांची बोटं आधीच्याच तालात पुढे चालू राहिली.

पहिली आई बोलली. बोलली कसली, ओरडली.

"अवो! पहिलं गाणं वाजलंच नाही! कॅसेट कोरी होती तिथं!"

"काय?"

"कोरी! कोऽऽरी!"

बाबांनी टेपकडे पाहिलं. मग आमच्याकडे, एकेकीकडे. आता यांना किती वाईट वाटेल म्हणून मी श्वास धरून बसले. आणि बाबा जे हसायला लागले! मांडीवर थाप मारून, ठसका लागेपर्यंत. "तरीच म्हणलं," ते म्हणाले, "आपली धाकटी एवढं शांत गाणं कधीपासून आयकाले लागली!"

मग आईही हसली, मीही हसले. ताई मात्र त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "बाबा, तुमाले गाणं आयकू येत नाही काय?"

"कोणी ओरडलं का आयकू येते. टेपमधलं काही नाही सापडत." त्यांनी खांदे उडवले. "मिलमंदी कोणालेच सापडत नाही. त्याचं काय एवढं?"

"म्हणून तुमचं एकबी गाणं नाही काय?"

"कावून नाही? आहे ना. रोज म्हणतो मी मिलमंदी. तिथं कितीबी जोरात म्हणा, कोणी आयकत नाही. सगळेच म्हणत असन, कोणाले माहीत!"

"कोणतं?"

बाबा पहिल्यांदाच लाजले. हाताने त्यांनी पुस्तक उघडल्याची खूण केली आणि ताईकडे बोट दाखवलं. "तुवं ते. वहीतून पाठ केलं. चहा पेता पेता."

ताईचं विरहाचं गाणं! शब्द वहीतून घेतले होते, चाल मात्र ऐकूच आली नव्हती. म्हणून त्यांनी आपल्या गावच्या दंडारीची चाल लावली होती, टाळ-ढोलकीवर नाचत म्हणतात ती. ताईने तिथल्या तिथे कॅसेट सुरुवातीला नेली. माझ्या गाण्याची रिकामी जागा होती ना, तीच. रेकॉर्डिंगसाठी लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायचं काम माझ्याकडे आलं. माझं डिस्को गेलं ते गेलंच, पण त्या क्षणी मला त्याची आठवणही राहिली नव्हती, हे कबूल करते.

बाबा उभे राहिले. घसा खाकरला. आणि मिलच्या आवाजात, खरंच मिलच्या आवाजात, सुरू झाले. 'तुझ्याविना कसं जगू' अशा अर्थाच्या त्या ओळी दंडारीच्या ठेक्यात अशा काही उड्या मारू लागल्या, की ज्याला सोडून गेलेत त्याचंच लग्न लागतंय असं वाटावं. एकही शब्द चुकला नाही. जिथे ताईला शब्द कळला नव्हता आणि तिने रेघ मारली होती, तिथे बाबांनी मोठ्ठा "हांऽऽ" घातला. शेजारच्या तेलुगू आंटी हातातली पळी घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं आमच्याकडे भांडण लागलं. पाहतात तो आई पदर तोंडात घालून हसतेय आणि मी नाचतेय. त्या दारातच टाळ्या वाजवू लागल्या.

शेवटची ओळ संपली. बाबांनी ताईकडे पाहून, तेवढ्याच मोठ्या आवाजात विचारलं, "आयकू आलं काय वं बाई?"

ताई हुंदके देत होती, हसतही होती. तिला बोलताच येईना. पुढचं आईचं गाणं पुसलं जाईल म्हणून मी घाईने टेप बंद केला. भैयाजींना नंतर मी जाब विचारला तर त्यांनी मलाच समजावलं, "शादी का कैसेट था बिटिया, माताजी ने खाली बोला, मैंने सोचा घरवाले अपना आशीर्वाद भरेंगे."

ताई सासरी गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला तिच्याकडे गेले. सकाळी ताई स्वयंपाकघरात करंज्या लाटत होती, हात पिठाने भरलेले, आणि पुढच्या खोलीत तिच्या सासऱ्यांनी टेप लावला. बाबांचं गाणं सुरू झालं. सासूबाई पायाने ठेका धरत होत्या. घरात कोणी हसत नव्हतं, विचारत नव्हतं, सगळ्यांना ते पाठ झालं होतं. गाणं संपलं. टेपमधून बाबांनी विचारलं, "आयकू आलं काय वं बाई?" आणि पुढचं गाणं सुरू व्हायच्या आधीच्या तेवढ्या फटीत, लाटणं न थांबवता, ताईने स्वयंपाकघरातून मोठ्याने उत्तर दिलं,

"आलं, बाबा."