आठव्या दिवसाची आंघोळ

"तुमाले जमत नसन तं उठा. मीच पिळतो," बेबीताई म्हणाल्या आणि त्यांनी पदर कमरेला खोचला.

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या गोदाबाई उठल्या नाहीत. न्हाणीत पाय लांब करून त्या बसल्या होत्या आणि त्यांच्या नडग्यांवर आठ दिवसांची मुलगी पालथी होती. त्यांनी तिला मुद्दामच उताणी केलं नाही. पाठीवर कोमट पाणी घालत राहिल्या.

बाळाची छाती दोन्ही बाजूंनी सुपारीएवढी फुगली होती. दाबली की दुधासारखा थेंब येतो, हे बेबीताईंना आपल्या आईपासून ठाऊक होतं. तो आत राहिला की नासतो, म्हणून आंघोळीत छाती पिळून मोकळी करायची, अशी त्यांच्या घरची रीत. चार दिवसांनी बारसं होतं. अकोल्याहून बाळंतीण लेकीच्या, रागिणीच्या, सासूबाई येणार, बाळाचं दुपटं सोडून नखशिखांत बघणार आणि मग जे बोलणार ते वर्षभर पुरणार. त्याआधी बेबीताईंना नात नीटनेटकी करून हवी होती.

आठवडाभर हेच चाललं होतं. डोकं लांबट आहे, दाबून गोल करा. नाक बसकं आहे, ओढा. खांद्यावर लव आहे, कणकेचा गोळा फिरवा. कमरेखालचा निळसर डाग बेसनानं घासा. गोदाबाई प्रत्येक वेळी सांगत होत्या, की जन्माच्या वाटेतून दाबलं जात आलेलं डोकं आपोआप गोल होतं, लव झडते, डाग वर्षा-दोन वर्षांत विरतो. जन्मलेलं लेकरू देखणं नसतंच, कोणी देखणं म्हटलं तर ते खोटं बोलतं, असं त्या प्रत्येक बाळंतिणीला पहिल्याच दिवशी सांगत. तिसऱ्या दिवशी लंगोटाला रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा बेबीताईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. मुलींना असं होतं, आईच्या अंगातलं थोडं त्यांच्यात उतरलेलं असतं, दोन दिवसांत थांबेल, असं गोदाबाईंनी सांगितलं आणि ते थांबलं.

"ते रक्त जसं मायच्या अंगातलं, तसं हे दूधही," गोदाबाई आता म्हणाल्या. "तवा माह्यावर इश्वास ठेवला, आता काहून नाई?"

बाहेरून बेबीताईंच्या नवऱ्यानं, पंजाबरावांनी, डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारू का, असं म्हटलं. तिला काय विचारता, तिला स्वतःचं लेकरू नाही, असं बेबीताईंनी सुनावलं. ते पुन्हा पेपरात शिरले.

मग बेबीताईंनी हुकमाचं पान टाकलं. खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या रागिणीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हिची छाती कोनं पिळली होती? तुमीच ना? याच न्हाणीत. काय झालं हिले? पाजते ना आता लेकीले."

हे खरं होतं. गोदाबाई मूळच्या भातकुलीच्या. लग्न होऊन अमरावतीत आल्या आणि बाळं न्हाऊ घालायचं काम सासूकडून शिकल्या. रागिणी ही त्यांनी एकटीनं न्हाऊ घातलेली पहिली मुलगी, सव्वीस वर्षांपूर्वीची. तेव्हापासून या गल्ल्यांतली किती बाळं त्यांच्या नडग्यांवरून गेली, त्यांना सांगता आलं नसतं. गोदाबाईचा हात हलका, असं लोक म्हणत आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मागच्या दिवाळीपर्यंत.

पुढचं कोणाला सांगू नको म्हणून त्यांच्या लेकीनं, पौर्णिमेनं, त्यांना शपथ घातली होती. गोदाबाईंनी बाळाला टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि शपथ मोडली.

"रागिणीनंतर वर्षानं माही पौर्णिमा झाली. तिचीबी पिळली. पाचव्या दिवशी डावीकडे लाल झालं, मंग पू. सरकारी दवाखान्यात कापलं. सासू म्हने नजर लागली. मी मानलं. आन दुसऱ्याईची लेकरं पिळत राहिलो. मांगच्या दिवाळीत पौर्णिमेले पोरगा झाला. डावीकडे दूधच नाई. नर्सनं तो कापल्याचा जुना वन पाह्यला आन इचारलं, हे लहानपनी कोनं पिळलं होतं? पोरीनं माह्याकडे पाह्यलं."

त्यांनी टॉवेलाचं टोक बाळाच्या डोक्यावर ओढलं.

"रागिणीले काई झालं नाई ते तिचं नशीब," गोदाबाई म्हणाल्या. "हात तोच होता."

रागिणीनं नकळत गाऊनचा गळा मुठीत धरला.

हार मानणं बेबीताईंच्या स्वभावात नव्हतं. तुमच्या पोरीला नजरच लागली असेल, त्या म्हणाल्या, आमच्या घरात कोणाला पू झाला नाही. शिवाय अकोल्याच्या बाईसमोर मान खाली मला घालावी लागणार, तुम्हाला नाही. उद्यापासून येऊ नका, मी दुसरी बाई बघते. आणि दुसरी मिळेपर्यंत मी आहेच, नातीची छाती पिळायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

त्यांनी बाळासाठी हात पुढे केले. गोदाबाईंनी बाळ दिलं नाही. पण त्यांना कामावरून काढलं होतं, घर त्यांचं नव्हतं, आणि किती वेळ धरून बसणार?

रागिणी न्हाणीत आली. बाळंतिणीनं ओल्या फरशीवर येऊ नये, असं आई ओरडली. तिनं ऐकलं नाही. गोदाबाईंच्या हातून मुलीला घेतलं, टॉवेल सारून एकदा त्या दोन गाठी बघितल्या, पुन्हा झाकल्या आणि बाहेरच्या खोलीत, बापाच्या पेपरासमोर जाऊन उभी राहिली. आई मागोमाग आलीच.

"बाबा, तुमीबी आयका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "उद्यापासून गोदामावशीच येतीन. न्हाणीत त्या आन मी. आई येनार नाई, दाराले आतून कडी राहीन. बारशाले अकोल्याच्या सासूबाईनं इचारलं तं मी सांगीन, पोरगी अशीच जन्मली, आन अशीच राहू देनार हाये."