डबीची सुट्टी

जगातल्या कुठल्याही बिघाडावर गुरांच्या दवाखान्यातला इलाज चालतो, असं मानणारा आणि तो चालवूनही दाखवणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे: बाभुळगावातले आमचे शेजारी काका. गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर पेशंट म्हणून त्यांच्या वाट्याला आली एक डबी. मुलाने इंजिनिअरिंग शिकताना बनवलेली. आत हिरवी पाटी, बारकी चिप आणि वायरींचं जंजाळ. लकव्यानंतर काकूंचा डावा पाय साथ देईना, म्हणून खाटेजवळच्या पायपुसण्यावर त्यांचा पाय पडला की डबी अंगणात घंटी वाजवायची आणि काका हातातलं टाकून आधाराला धावायचे. पुढे मुलगा पुण्याला गेला, डबी म्हातारी झाली आणि तिची दुखणी सुरू झाली.

काका तिला आधी उलट्या हाताने चाचपत. मे महिन्यात ती तापली, तेव्हा लू लागल्याचं निदान करून त्यांनी तिला ओल्या पोत्यात गुंडाळलं. डबीबाई तीन दिवस मुकी होती. मुंग्या शिरल्या तर जखमेत भरावी तशी हळद भरली. दिवाळीला मुलाने झाकण उघडलं आणि विचारलं, "बाबा, हिच्यात भाजी कोणं केली?" व्होल्टेज कमीजास्त झालं की डबीचं पोट बिघडायचं. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच शिकवतो, पण त्या घरात मला मदतनिसाचाही दर्जा नव्हता. "मास्तर, जनावर बोलत नाही, हे डबी बी बोलत नाही. तुमी पुस्तकात पाहा, मी हिच्याकडं पाह्यतो."

एकदा मात्र घंटी वाजलीच नाही. काकू उतरल्या, कलंडल्या आणि नशिबाने गाद्यांच्या ढिगावर पडल्या. काका त्या दिवशी जेवले नाहीत. दवाखान्यातलं जुनं रजिस्टर काढून त्यांनी डबीच्या आजारांच्या तारखा मांडल्या आणि जाहीर केलं, की ती दर एकोणपन्नास दिवसांनी अडते, कारण ती थकते. मी पोट धरून हसलो. घरी येऊन तपासलं आणि हसू जिरलं. सुरू झाल्यापासूनचा वेळ मोजणारा तिच्यातला आकडा बरोबर तेवढ्या दिवसांत भरतो, पुन्हा शून्यावर येतो आणि ती गोंधळते.

तेव्हापासून अठ्ठेचाळीस दिवस झाले, की डबीला एक दिवस सुट्टी. थाट पोळ्याच्या बैलाचा: कुंकू, पुरणपोळी, वायरीला गोंडा. मिनिटभर बंद ठेवली तरी मोजणी नव्याने सुरू होते, तेवढं पुरे, असं मी म्हणालो तर काका भडकले. "दिवसभर वखर ओढलेला बैल सोडून मिनटात पुन्हा जुपता काय?"

मागच्या सुट्टीला मी लॅपटॉप घेऊन गेलो. दोन ओळी बदलल्या की हे दुखणं कायमचं जाणार होतं. मुलाने पाठवलेलं नवं यंत्रही कपाटावर न उघडता पडलेलं. काका खाटेशी खुर्ची टाकून बसले होते, कारण सुट्टीच्या दिवशी डबीची ड्युटी त्यांच्याकडे असते. दोघं तुरीच्या शेंगा सोलत कुणाची तरी नक्कल करून हसत होते. काका चहा टाकायला उठले, तशी काकूंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"मास्तर, दुरुस्त नका करू तिले."

"का, काकू?"

"रोज मी उतरली की हे येतेत, हात देतेत अन् जातेत. आज घंटी नाही, म्हणून दिवसभर इथंच बसतेत."

मी लॅपटॉप मिटला. इतकी वर्षं शिकवतोय, पण एखादा बिघाड तसाच राहावा असं मला पहिल्यांदाच वाटलं. काका तीन कप घेऊन आले. बसण्याआधी डबीवरून हळूच उलटा हात फिरवून म्हणाले, "आज पडून राहू द्या तिले. उद्यापासून आहेच काम."