मध्यस्थाच्या तोंडचा घास

माझे चुलते मुंजाजी तात्या सोयरिका जुळवतात. पेडगावात त्यांची शेती आहे, पण काय करता म्हणून विचारलं तर शेतीचं नाव घेत नाहीत, "लग्नं जमवतो" म्हणतात. कुणाची पोरगी लग्नाची झाली, कुणाचा पोरगा कामाला लागला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. सुलाकाकू याला लष्कराच्या भाकरी म्हणते, आणि तिचं काही खोटं नाही.

या कामाची मजुरी म्हणजे चहा. ज्या घरी जाल तिथं पाकासारखा गोड चहा, त्यावर पोहे, पोह्यांवर शिरा. नाही म्हणायची सोय नाही, कारण मध्यस्थानं काही टाळलं की लोक समजतात, याला घर पसंत नाही. माझे वडील किशनराव, आमचे आबा, थोरले भाऊ म्हणून तात्यांसोबत जायचे. दोघंही मान राखायला खायचे.

आबांना साखरेचा आजार होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग आबाच गेले. गावात आम्ही सांगितलं, पायात काटा मोडला, विष चढलं. मी लग्नाची होते, आणि साखरेच्या घरात सोयरीक कोण करणार? माझ्या आईनं, तानुबाईनं, घरातल्या सगळ्यांकडून शपथ घेतली. मला तेव्हाही राग आला होता. झाकून आजार बरा होत असता तर आबा जिवंत असते.

वर्षभरानं तात्यांना सारखा थकवा यायला लागला. मीच धरून परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "अजून आजार नाही, पण बांधावर उभे आहात. पलीकडं उतरायचं नसेल तर ताट बदला."

तात्यांनी त्याच दिवशी साखर बंद केली आणि गुळाचा चहा सुरू केला. ज्वारी तर औषधच, म्हणून जेवायला चार चार भाकरी. पुढच्या तपासणीत आकडा वर गेला तेव्हा ते मशीनवरच चिडले. डॉक्टर हसले. "गूळ साखरेचा सख्खा भाऊ आहे, तात्या. ज्वारी चांगलीच, पण एवढ्या भाकरी पोटात गेल्या की त्यांचीही साखरच होते."

मग काकूनं ताट हातात घेतलं. एक भाकर, आणि बाकी ताटभर करडईची नाहीतर मेथीची भाजी, मटकीची उसळ, उकडलेली अंडी, काकडी, वर ताक. भात सणासुदीला, तोही दोन घास. "म्या काय शेळी हाय का पाला खायला?" म्हणत तात्या पहिले काही दिवस घरात सुतक असल्यासारखे बसत. पण जेवल्यावर शेतापर्यंत चालायला लागले, सदऱ्याची बटणं सुखानं लागायला लागली आणि आकडाही हळूहळू उतरला.

प्रश्न राहिला लोकांच्या घरचा. तिथं तात्या बेधडक खोटं बोलत. एकदा "आज एकादशी हाय" म्हणाले, तर घरधनी म्हणाला, "तात्या, ती तर काल झाली." तात्यांनी शांतपणे सांगितलं, "कालची राहिली व्हती." लोक हसले आणि विषय तिथंच मिटला.

मग माझं स्थळ आलं. चारठाण्याचा योगीराज, जिंतूरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. इतर मुलांनी मला स्वयंपाक येतो का विचारलं होतं. यानं विचारलं, "तुला पुढं काय करायचंय?" मला तो आवडला, यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या अंगणात बोलणी झाली, सगळं पटलं. आता आधी मध्यस्थाचं तोंड गोड करायचं, मग बाकीच्यांचं. त्याशिवाय सोयरीक पक्की धरत नाहीत.

योगीराजची आई दगडाबाई पेढा घेऊन तात्यांसमोर आली. तात्यांनी तोंड फिरवलं. "मला उपास हाय."

"कशाचा उपास? आत्ताच तर उसळ खाल्ली की तुमी." दगडाबाईंनी हात खाली घेतला. "मध्यस्थ तोंड गोड करीना म्हंजे काहीतरी हाय. पोरीत खोट हाय का, मुंजाजीभाऊ?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पेढ्यासाठी हात पुढं केला. एका पेढ्यानं कुणी मरत नाही, हे मलाही कळतं. पण आबासुद्धा प्रत्येक घरी एकच खायचे. माझं डोकं फिरलं.

"तात्या, नका घेऊ तो पेढा," मी म्हणाले. नवरी मुलीनं असं बोलायचं नसतं. आई दारातून डोळे वटारत होती.

तात्यांनी हात मागं घेतला. "पोरीत खोट न्हाई, बाई. खोट आमच्या बोलण्यात हाय. माझा भाऊ काट्यानं न्हाई गेला, साखरेनं गेला. मी बी बांधावर हाय, म्हणून खाईना. उद्या पोरीला हुईल का न्हाई, ते मी सांगू शकत न्हाई."

पाहुणे उठले. "कळवतो," म्हणाले. या शब्दाचा अर्थ तात्यांइतका कुणाला ठाऊक नव्हता.

आईनं तात्यांशी बोलणं टाकलं. मी रडले, पण तात्यांवर रागावले नाही. ते मात्र खचले. "माझ्या तोंडानं पोरीचं घर मोडलं," म्हणत बसून राहायचे. सोयरिकांचे फोन आले तर उचलत नसत. एक दिवस त्यांनी ताटात दुसरी भाकर ओढली. काकूनं ती उचलून घेतली आणि म्हणाली, "एक भाऊ गेला, तेवढं बास हाय."

पुढच्या आठवड्यात दगडाबाई एसटीनं आल्या, सोबत योगीराज. न सांगता आल्या म्हणून आईची धांदल उडाली. दगडाबाई तात्यांसमोरच बसल्या.

"लय घरं पाहिली. समदे पोरीचे गुण सांगतेत. आपल्या घरातला आजार सांगणारा मध्यस्थ ह्योच पयला. ज्यानं हे झाकलं न्हाई, त्यानं दुसरं काय झाकलं असंल?"

त्यांनी पिशवीतून नारळ काढला. योगीराजनं तो पायरीवर फोडला. दगडाबाईंनी खोबऱ्याचा तुकडा तात्यांच्या तोंडापुढं धरला. "हे चालतंय न्हवं? दवाखान्यात इचारून आले."

तात्यांनी घास घेतला. डोळे भरले होते.

"माझ्या दादाला कुणी असं इचारलं असतं," ते म्हणाले, "तर आज हितं माझ्या जागी त्योच बसला असता."