भरतीच्या वेळी भरलेले नमुने

"दादानं परक्या देशातल्या पोरीला घर दिलं, तिचं नाव छापून आणलं, आणि आपल्या रक्ताच्या पोराला रिकाम्या हातानं गावी धाडलं."

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊबंदांच्या पंगतीत माझ्या धाकट्या भावाने, वसंताने, हे वाक्य उच्चारले. तेव्हापासून ते आमच्या कुळात इतिहास म्हणून चालू आहे. मी त्या पंगतीत नव्हतो, त्यामुळे वसंताला प्रतिवाद ऐकावा लागला नाही. तो आता ऐकावा लागेल. जे तापीकाठच्या गावात राहिले त्यांना, आणि जे माझ्यासारखे तेथून उठून सुरतेला, पुण्याला, दुबईला गेले त्यांनाही. कारण वाक्य दोन्हीकडे पोहोचले आहे, आणि प्रशांत, म्हणजे वसंताचा मुलगा, तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

मी गाव सोडले त्या सकाळी वडील एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्यामागे चालत आले. हातात कपड्यांची पिशवी, खांद्यावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचे गाठोडे. पालघर जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. बोईसर हे नाव वडिलांनी माझ्या अध्यापकाच्या नेमणुकीच्या निमित्ताने प्रथमच ऐकले होते. गाडी सुटताना ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "तिथं समुद्र आहे म्हणतात. लांबूनच पाहजो." जन्मभर नदीच्या एका काठावर शेती केलेल्या माणसाने नोकरीवर निघालेल्या मुलाला दिलेला हा एकुलता एक उपदेश.

पहिले वर्षभर मी तो अक्षरशः पाळला. बोईसरला कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत खोली घेतली. शेजारी सगळे हिंदी बोलणारे. तेही घर सोडून आलेले, आणि माझ्यापेक्षा कितीतरी लांबून. संध्याकाळी एकमेकांच्या चुलींचे वास ओळखणे हीच आमची करमणूक होती. बाजारात सुक्या बोंबलांच्या ढिगाजवळून मी श्वास रोखून जात असे. आज माझी पत्नी सुमन कळण्याच्या भाकरीबरोबर बोंबलाची चटणी वाढते, आणि एखाद्या दिवशी चटणी नसली तर मी विचारतो. गावाकडे याला बिघडणे म्हणतात. म्हणोत.

समुद्राशी माझी गाठ घातली ती विहिरींनी. बोईसरजवळच्या चिंचणीच्या बागांतील काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होत, काही होत नसत, आणि याचे कारण कोणीच नीट सांगू शकत नव्हते. मी रसायनशास्त्राचा माणूस. त्या प्रश्नात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही. खाडीतील खारे पाणी जमिनीखालून किती आत चढते, हे शोधण्यात माझी नोकरी संपली. निवृत्तीनंतर विद्यापीठाने मला मानद प्राध्यापक म्हणून ठेवून घेतले तेही त्याचसाठी. परदेशी विद्यार्थी काही आठवडे संशोधनाचा अनुभव घ्यायला येतात, ते आमच्याकडे यायला लागले तेही त्याचसाठी. केनियाचा आला, जर्मनीची आली, नेपाळचा आला. प्रत्येकाला मी पालघर स्थानकावर स्वतः उतरवून घेतले. बोईसरच्या फलाटावर मला घ्यायला कोणी आले नव्हते, ते मला अजून आवडलेले नाही.

मग एका उन्हाळ्यात व्हिएतनामची लिन आली. तिचे गाव एका मोठ्या नदीच्या मुखाजवळ. तिच्या वडिलांची भातशेती खाऱ्या पाण्याने गेली आणि त्याच शेतात ते आता कोळंबी वाढवतात. चिंचणीची खाडी पाहिल्यावर ती पहिल्याच दिवशी म्हणाली की वास घरचाच आहे. परदेशी विद्यार्थ्याबरोबर इथला एक विद्यार्थी जोडीला द्यायचा अशी आमची पद्धत. त्या जागेसाठी प्रशांतने अर्ज केला. त्याची निवड माझ्या सहकाऱ्यांनी केली, कारण माझा पुतण्या असल्यामुळे त्या बैठकीत मी बसलो नाही. हेही वसंताने पंगतीत सांगितले नसणार.

आता घराचा मुद्दा. लिन विद्यापीठाच्या अतिथिगृहात राहत होती. माझ्या घरात, माडीवरच्या खोलीत, पंख्याखाली प्रशांत राहत होता. लिन रविवारी जेवायला येई, सुमनला काकू म्हणे आणि भाकरी थापायचा हट्ट धरी. तिची भाकरी कोणत्याही देशाच्या नकाशासारखी होई, आणि प्रशांत ती कोणता देश आहे ते ओळखून दाखवी. दोघांचे चांगले जमले होते. सुमनच्या हसण्याचा आवाज त्या दिवसांत मी अंगणातून ऐकला आहे. परकीला घर आणि आपल्याला दार, असा देखावा तेथे कधीही नव्हता.

नावाचा मुद्दा मात्र सविस्तर सांगितला पाहिजे.

माझ्या गटात एक नियम आहे आणि तो पहिल्याच दिवशी, खाडीच्या बांधावर उभे राहून सांगितला जातो. नमुना ओहोटी संपत येते तेव्हाच घ्यायचा. तेव्हा खाडीत जे उरते त्यात जमिनीतून झिरपलेल्या पाण्याचा अंश कळतो. भरतीला नुसता समुद्र असतो. ओहोटीला पाणी दूर जाते, म्हणून गुडघाभर चिखलात उतरावे लागते. आणि जो चिखलात उतरून नमुने भरतो त्याचेच नाव शोधनिबंधावर लागते. मग तो कोणाचा कोण आहे हे पाहिले जात नाही.

एका आठवड्यात लिन मासवणला विहिरींचे नमुने घेण्यात गुंतली होती. खाडीतील पाच ठिकाणे प्रशांतकडे होती. तो बाटल्या भरून दुपारी परतला, पँटला चिखलाचा ठिपकाही नव्हता. किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या जमनाबायने त्याला जाताना पाहिले होते आणि माझ्या देखत तिने त्याची हजेरी घेतली, "काय रं, लग्नाला चाललास का पानी भरायला? आमच्या चिखलाला घाबरतंस नाय ना?" तो हसला. मीही हसलो. प्रयोगशाळेत बाटल्या तपासल्या तेव्हा हसू थांबले. मुखापासून अगदी आतल्या ठिकाणापर्यंत खारटपणा जवळजवळ एकच येत होता. आकडे खरे मानले तर चिंचणीतील एकही बाग जिवंत असायला नको होती.

लिनने त्याला बोईसरच्या रिक्षावाल्यांकडून उचललेल्या हिंदीत विचारले, "प्रशांत, पानी ऊपर जाता था, या नीचे?"

"नदी ऊपर कैसे जाएगी?" तो म्हणाला.

त्यात उद्धटपणा नव्हता. तापीकाठच्या कोणत्याही मुलाने हेच म्हटले असते. आमच्या गावी पाणी एकाच दिशेला जाते, आणि नदी भरलेली असली की पाणी काठाशी येते, घागर बुडवायला सोपे. त्याने भरलेली खाडी पाहिली आणि काठावरून बाटल्या बुडवल्या. लिनच्या गावी नदी रोज उलटी फिरते. तिने शांतपणे हात वर-खाली करून त्याला दाखवले. या चुकीबद्दल मी त्याला एक शब्दही बोललो नाही. मी म्हणालो, "पौर्णिमेला मोठी ओहोटी आहे. पाचही ठिकाणे पुन्हा घे. मी बांधावर येतो."

त्याच दिवशी गावी मामेबहिणीची हळद होती. त्याने मला आणि लिनला दोघांनाही ऐकू जाईल असे म्हटले, "काका, हेच आकडे थोडे कमी-जास्त करू ना. चिंचणीच्या खाडीत कोण बघायला येणार आहे?"

"मी येणार आहे," मी म्हणालो. "आणि ज्यांची विहीर आहे ते रोज बघतात."

तो हळदीला गेला. मी त्याला अडवले नाही, पाठवलेही नाही. त्याच्या आईसाठी सुमनने चिकू बांधून दिले, तेव्हा रिकाम्या हाताने हा शब्द तरी वसंताने मागे घ्यावा. त्यानंतरची मोठी ओहोटीही मी त्याच्यासाठी राखून ठेवली होती आणि तसे कळवले होते. तो आला नाही. लिनने पाचही ठिकाणे एकटीने केली. जमनाबायच्या घरी पाय धुऊन ती आली तेव्हा तिची एक चप्पल खाडीत राहिली होती.

वसंता, तू म्हणतोस की इतकी वर्षे बाहेर राहून दादाला आपला आणि परका कळेनासा झाला. मला तो उत्तम कळतो. ज्याला खोटे आकडे लिहू देऊन गप्प बसता येते तो परका. ज्याच्याशी वैर पत्करूनही ते पुसावेसे वाटतात तो आपला. आणि घर कशाला म्हणावे हेही मला इतक्या वर्षांनी कळले आहे. ज्या गावात माणसे आपल्याशी न संकोचता भांडतात ते घर. विहिरीचा निकाल मनासारखा लागला नाही की चिंचणीचे बागायतदार माझ्या ओट्यावर येऊन मला मूर्ख ठरवतात, चहा घेतात आणि जातात. तू पंगतीत तेच केलेस. त्या हिशेबाने मला दोन घरे आहेत आणि त्यांतले एकही मी सोडणार नाही. माडीवरची खोली प्रशांतचीच आहे. तो येईल तेव्हा मी त्याला पुन्हा खाडीवर नेईन.

राहिला आरोप. दादाने पुतण्याचे नाव वगळले, असे जे म्हणतात त्यांच्यापैकी एकानेही तो निबंध उघडून पाहिलेला नाही. त्या वर्षी माझा गुडघा वाकत नव्हता आणि मी पूर्ण हंगाम बांधावर काठी टेकून उभा होतो. प्रश्न माझा, पद्धत माझी, मार्गदर्शन माझे. विभागप्रमुखांनी मला तीनदा समजावून पाहिले.

त्या निबंधावर माझेही नाव नाही.