खांबाला सांगितलेली मागणी
परवा वसतिगृहात भिंतींना चुना मारला आणि त्या ओल्या वासाने मला गावची चावडी आठवली. महिला मंडळाला अनुदान द्यायचे की नाही हे ठरवायला पंचायत समितीचे साहेब येणार, म्हणून ती अशीच पांढरी केली होती. आंघोळीला आडोसा नव्हता. बायांना अंधारातच नदी गाठावी लागे. अनुदानातून त्यांना न्हाणीघर हवे होते. आई मंडळाची अध्यक्ष आणि आजोबा, म्हणजे तिचे सासरे, सरपंच. साहेबांनी विचारले, "बाई, काय पाहिजे?" सासऱ्यांसमोर सून बोलत नसे. आईने पदर पुढे ओढला. "मागणीच नसेल तर मी निघतो," म्हणत साहेब उठले. तशी आई खांबाकडे वळली आणि कापत्या आवाजात म्हणाली, "खांबा, साहेबाले सांग, आम्हाले न्हाणीघर पायजे. दाराले आतून कडी पायजे." साहेब गोंधळून खांबाकडेच पाहू लागले. आजोबा हसले. "तिकडं काय पाहून राह्यले, साहेब? खांब म्हणते ते लिहून घ्या. अन् खांबा, सुनेले सांग, विहिरीजवळची जागा मी देतो." न्हाणीघर झाले. वर्गात उत्तर देताना माझाही आवाज कापतो, तरी मी उठून बोलते. आवाज स्थिर होईपर्यंत आई थांबली असती, तर साहेब निघून गेले असते.