हिरव्या लुगड्याची गोधडी

आम्ही बायका जमलो की कुणाच्या तरी नातवानं अंथरूण ओलं केल्याचं निघतंच. मग मला आमचं बोर्डिंग आठवतं. एक किस्सा सांगायला जावं तर चार पुढे येतात, आणि प्रत्येकात तो दत्तू!

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात बोर्डिंगं निघाली, त्यातल्या एकाचे माझे वडील सुपरिंटेंडेंट. मी सात वर्षांची, शिरोळकडचा दत्तू तेवढाच. प्लेगात त्याची आई गेलेली. रोज अंथरूण ओलं!

*

तालमीतले वस्ताद म्हणाले, "बैठका मारू द्या पोराला, हुतंय बंद!"

दत्तूनं पाय थरथरेपर्यंत बैठका मारल्या. सकाळी गोधडी ओलीच. वस्ताद म्हणाले, "असू द्या. मांड्या तरी झकास हुतील!"

*

एकदा वडिलांनी ओली गोधडी डोक्यावर देऊन त्याला अंगणात उभं केलं. आई पिठाच्या हातानं तशीच बाहेर आली.

"अवं, धाकानं वाढंल की ते! आई गेली तरी पोरगं रडलं न्हाय. कुठनं तरी बाहेर पडणारच."

वडिलांनी गोधडी उतरवून वाळत घातली. माझ्यासाठी आई त्यांच्याशी कधी अशी भांडली नव्हती!

*

मग आईनं औषध काढलं. रोज सकाळी तीळगुळाचा लाडू, फक्त दत्तूला! मी हात पुढे केला तर म्हणाली, "तुला काय झालंय?"

मला काय झालं होतं ते सगळ्या अंगाला कळत होतं. नुसता जळफळाट!

*

पुढं त्याचं अंथरूण आमच्या खोलीत आलं, आईच्या कुशीला. ती माझी जागा. मी भिंतीकडे सरकले. आईचा हात त्याच्या पाठीवर असायचा. काही दिवसांत त्याची गोधडी कोरडी राहू लागली आणि सगळं बोर्डिंग त्याचं कौतुक करू लागलं. मला मात्र त्याच्या ताटातली भाकरीसुद्धा मोठी दिसायची.

*

आणि एका सकाळी माझीच गोधडी ओली. खरीखुरी! आईनं स्वतःचं हिरवं लुगडं फाडून माझ्यासाठी शिवलेली. ती अंगणात वाळत पडली तशी पोरं जमली. "ही कुणाची रं?"

आता जन्मभर मला चिडवणार, म्हणून मी आईच्या पाठीमागे लपले.

दत्तू पुढं झाला. "माजी हाय की!"

पोरं हसली. आईनं गोधडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दत्तूकडे. आत जाऊन तिनं डबा उघडला, दोन लाडू आणले आणि दोन्ही त्याच्या हातावर ठेवले!